मास्तरांचा कोट

जी मालिका माझ्या डोक्यात अर्धं आयुष्य ठाण मांडून बसली आहे, ती अजून संपलेली नाही. मी नववीत होते तेव्हा तिच्यातला लाल केसांचा पोरगा मातीच्या बोळक्यात निखारा घेऊन डोंगर चढत होता. आता माझ्या केसांना मेंदी लावावी लागते, आणि तो अजून चढतोच आहे. मालिकेचं खरं नाव लांबलचक आणि जपानी आहे, टीव्हीवर हिंदीत आली तेव्हा तिला त्याहून भपकेबाज नाव दिलं होतं. आमच्या घरात तिला 'निखारा' म्हणत, आणि मीही इथे तेच म्हणणार. तिच्या गुणदोषांवर हल्लीची मुलं मोबाइलवर तासतासभर बोलतात. ऐकते मी, बरं बोलतात. पण त्यांनी ती नुसती पाहिली आहे. मी ती कर्जतजवळच्या दहिवलीतल्या आमच्या घरात, टीव्हीशेजारी उभं राहून, पडद्याखालच्या इंग्रजी ओळी मराठीत मोठ्याने सांगत, दोनशेच्या वर भाग तोंडाने ओढली आहे. गाडी कुठल्या चढणीला जड होते ते बैलाला विचारावं. तेव्हा या विषयात मला अधिकार आहे, असं मी बिनदिक्कत धरून चालते.

गोष्ट साधी आहे. एका जगातला सूर्य मंदावत चाललेला, गावोगावच्या चुली विझत चाललेल्या. शेवटचा एक निखारा उरलाय, तो बारा डोंगरांपलीकडच्या गावात पोचवायचा. पोचवणारा पोरगा अनाथ, काडीसारखा बारीक, डोक्यावर लालभडक केस. त्याचं जपानी नाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून तो 'काडेपेटी' झाला. निखाऱ्यावर टपलेला खलनायक होता तो 'पांढऱ्या'. आणि काडेपेटीला चालायला, लढायला आणि मुख्य म्हणजे गप्प बसायला शिकवणारे, ते 'मास्तर'. मास्तर उंच, थोडे वाकलेले, गुडघ्याखालपर्यंत निळा कोट, त्याच्या उजव्या खांद्यावर तपकिरी ठिगळ. दहा भागांत दहा वाक्यं बोलतील तर शपथ. आमच्या घरात ते सगळ्यांना आवडत, पण सुमन आत्याला सगळ्यांपेक्षा जास्त.

घर आमचं भातगिरणीला चिकटून होतं. गिरणी बाबांची. सकाळी पट्टा फिरायला लागला की भिंतीवरची भांडी बारीक थरथरत, आणि कोंडा असा उडे की टीव्हीवर आईने जुन्या साडीचा तुकडा टाकलेला असायचा आणि तो रोज झटकावा लागायचा. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आत्याचं शिलाई मशीन. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं सासर खोपोलीला. सदाकाका, तिचे यजमान, तिथल्या एका कारखान्यात होते. ते अचानक गेले आणि आत्या माहेरी आली. मूलबाळ नव्हतं. सदाकाका गेले, हार्टचं झालं होतं, एवढंच मला माहीत होतं. त्यापुढचं घरात कुणी बोलत नसे. आत्या आली तेव्हा वर्षभर मशीन सोडून तिच्या बाजूने आवाज म्हणून यायचा नाही. तेव्हा तिचं वय माझ्या आजच्या वयापेक्षा कमी होतं, हे लिहितालिहिता आत्ता लक्षात आलं आणि पेन थोडं थांबलं.

'निखारा' टीव्हीवर हिंदीत लागायची तेव्हा मी बघायचे आणि आत्या पाठ करून ब्लाउज शिवायची. एक दिवस काडेपेटीने उपाशीपोटी शेजारच्या म्हातारीच्या वाडग्यातला भात चोरला आणि मास्तरांनी त्याला काही न बोलता त्याच म्हातारीचं शेत नांगरायला लावलं. मागून खुदकन आवाज आला. वळून बघते तर आत्या हसत होती. त्या दिवसापासून तिने मशीन फिरवून टीव्हीकडे तोंड करून घेतलं. आणि नेमकं महिन्याभरात चॅनेलवाल्यांनी मालिका मधूनच बंद केली. आत्या चार दिवस त्या वेळेला टीव्ही लावून बघायची, तिथे दुसरंच काहीतरी नाचत असायचं. मग माझा भाऊ मंगेशदादा, जो डोंबिवलीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा, त्याने कुठूनतरी पुढच्या भागांच्या सीड्या पैदा केल्या. बोलणं जपानीत, खाली ओळी इंग्रजीत. दादाला रविवारी दुपारी झोप प्यारी. घरात इंग्रजी वाचणारी दुसरी मीच.

मग सुरू झालं आमचं रविवारचं थिएटर. गिरणी बंद, वीज असली तर चंगळ. मी टीव्हीशेजारी, आत्या मशीनवर, आणि ब्लाउजचं माप द्यायला म्हणून आलेली शेजारची बेबीमावशी, जिचं माप तीन वर्षांत काही पूर्ण झालं नाही, ती भिंतीला टेकून शेंगा सोलत. बाबा दारात उभे. बसायचे नाहीत. बसलं की आपण कार्टून बघतो असं झालं असतं. माझं इंग्रजी अर्धंकच्चं, ओळी भराभर पळणाऱ्या. अडले की आत्या रिमोटने चित्र थांबवायची आणि मला श्वास घेऊ द्यायची. मारामारी लांबली की मी सरळ सांगायचे, "हे अजून मारतायत एकमेकांना, पुढे घेते." एक लढाई आठ भाग चालली होती. त्यात पांढऱ्या दर दोन वारांनंतर थांबून आपण आता कसा वार करणार आहोत ते समजावून सांगायचा.

"हा लढाय आलाय का शिकवणीला?" बेबीमावशी म्हणायची. "मार की रं मेल्या. बोलतंय काय!"

"एवढ्या वेळात माझी तीन पोती कांडून झाली असती," दारातून बाबा.

"तर मग जा ना कांडायला," आत्या म्हणायची, मान वर न करता. "उभा कशाला राहतोस?"

बाबा उभेच.

मालिकेतले दोष मला तेव्हाच ढीगभर दिसत होते आणि मी ते तोऱ्यात सांगायचे, कारण शाळेत बाईंनी रसग्रहण शिकवायला घेतलं होतं आणि मला गुणदोषांचा चष्मा नवीन लागला होता. कथा पुढे सरकत नाही. मुलीच्या जातीला कामच नाही, नुसत्या पाण्याचे घडे आणि काळजी. मूळ कथा कमी पडली की कुठल्यातरी जत्रेत पाचसहा भाग घालवतात, ज्यांचा पुढे काही संबंध नाही. एका रविवारी मी हे सगळं आत्याला सुनावत होते आणि आत्या शेवळं साफ करत होती. कर्जतच्या बाजारात पावसाच्या तोंडावर डोंगरातल्या बाया शेवळं, म्हणजे रानातले कोंब, घेऊन बसतात, सोबत काकडं नावाची आंबट रानफळं. आतल्या दांड्याचा पिवळा भाग खाजरा, तो नीट काढून टाकायचा, आणि काकडं घातल्याशिवाय शिजवायची नाहीत, नाहीतर घसा धरतो. आत्याने एक शेवळ माझ्यापुढे धरलं.

"ह्यात खाज हाय म्हणून टाकून देतो का आपण? खाज कुठं हाय ते म्हायती पाहिजे, झालं. तू नुसती खाज मोजत बसलीस. भाजी कधी खाणार?"

मग तिनेच भाजी कशात आहे ते सांगितलं. चुलीवरच्या वाडग्यातून वाफ येते ती वाफ कुणीतरी मन लावून काढलीय, म्हणाली. माणसं जेवताना बोलत नाहीत, ते बरोबर हाय. पांढऱ्या वाईट का झाला ते दाखवायला त्याचं लहानपण दाखवलं, आणि तरी त्याला माफ नाय केलं, ते तर लय बरोबर. आणि कपडे! सगळ्यांचे कपडे झिजतात, फाटतात, कुणीतरी ते शिवतं. दुसऱ्या कुठल्या मालिकेत हिरोच्या ढोपराला रफू बघितलंस? मी बघितलं नव्हतं. आज माझा चरितार्थ परदेशी मालिकांचं मराठी संवादलेखन करण्यावर चालतो. शेलूच्या दोन खोल्यांत, कानाला हेडफोन लावून मी दुसऱ्यांच्या तोंडात मराठी घालते. नवीन मालिका हातात आली की पहिल्यांदा मी कपडे बघते. ते जिथे झिजत नाहीत तिथे बहुतेक माणसंही झिजत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

त्या वर्षी थंडीत तो भाग आला. मास्तर दोरखंडाच्या पुलावर एकटे उभे राहिले आणि काडेपेटीला निखारा घेऊन पलीकडे पाठवलं. बर्फ पडत होतं. नेहमीसारखा पांढऱ्याने भाषण ठोकलं नाही, नेहमीसारखी लढाई लांबली नाही. दोन मिनिटांत संपलं. मास्तर बर्फात पडले, काडेपेटी धावत मागे आला, आणि खाली ओळ आली की श्वास थांबलाय. मी वळून बघितलं. आत्याच्या मांडीवर कुणाच्यातरी साडीचा फॉल, सुई हातात तशीच, आणि चेहरा असा की मी तो कधी बघितला नव्हता आणि बघायची माझी तयारी नव्हती. माझ्या मनात एकच आलं. आत्ता कुठे हसायला लागली आहे.

"काय म्हणतोय तो?" आत्याने विचारलं.

"बेशुद्ध आहेत," मी म्हणाले. "खूप लागलंय. पण वैद्य येतोय."

"मंग रडतात कशाला एवढी?" बेबीमावशीने विचारलं.

"घाबरलेत."

आत्याने सुई परत कापडात घातली. "जगतील," ती म्हणाली. "काटक हायेत."

खोटं एकदा बोललं की त्याला खाऊ घालावं लागतं. पुढच्या सीडीत पहिलाच भाग मास्तरांच्या अंत्यविधीचा होता. दादाकडून सीडी आल्याबरोबर तो मी आधी एकटीने बघून घेतला, आणि सीडी खराब निघाली असं जाहीर करून ती कोठीत धान्य मापायच्या उपड्या पायलीखाली लपवली. आईने मला लपवताना पाहिलं. मी तिला खरं काय ते सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं केलंस. नको सांगूस तिला. आधीच बिचारी..." आणि पुढचं वाक्य न बोलता भाकऱ्या थापायला गेली. आईचा पाठिंबा मिळाल्यावर माझी भीड चेपली. पुढचे पाचसहा रविवार मी मास्तरांना जिवंत ठेवलं. काडेपेटी आकाशाकडे बघून काही बोलला की मी म्हणायचे, "मास्तरांना निरोप पाठवतोय." कुणी मास्तरांच्या नावाने दिवा लावला की, "बरे व्हावेत म्हणून." खरं सांगू? मला त्यात मजा यायला लागली होती. मूळ लेखकापेक्षा मी त्यांना चांगलं चालवते आहे, असंही एकदोनदा वाटून गेलं.

आणि मग तो रविवार. वालाचं बिरडं झालं होतं, खोलीत अजून त्याचा वास होता. सगळे आपापल्या जागी, बाबा दारात. पडद्यावर नवीन ऋतू सुरू झालेला, काडेपेटी एका वाऱ्याच्या पठारावरून चाललेला, अंगात निळा कोट. मी काहीतरी सांगत होते. आत्याने रिमोट दाबला आणि चित्र थांबलं. मी अडले नव्हते, म्हणून मला कळेना की का थांबवलं. ती उठली, टीव्हीपाशी आली, काचेवरचा कोंडा पदराने पुसला आणि वाकून बघत राहिली.

"बाही चार बोटं वर घेतलीय," ती म्हणाली. "खांदा उसवून आत घेतलाय, म्हणून ठिगळ बघ, छातीकडं सरकलंय. खाली दुमड जास्तीची सोडलीय, पोरगं वाढतंय म्हणून. हा मास्तरांचा कोट हाय."

"दिला असेल त्यांनी," मी म्हणाले. "थंडी आहे ना."

"देतात की. अंगावर टाकाय देतात. कापाय नाय देत." ती माझ्याकडे वळली. "जित्या माणसाचा कोट कुणी कापत नाय, वैशे. त्याला तो परत घालायचा असतो. ह्यांचे तीन शर्ट मीच उसवले, तुझ्या दादाच्या मापाला. मला नको सांगू. मास्तर गेलेत ना?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"कवा?"

"पुलावर. त्याच दिवशी."

आत्या मशीनच्या स्टुलावर बसली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "मला बी असंच सांगितलेलं," ती म्हणाली, आणि दाराकडे न बघता दारातल्या माणसाबद्दल बोलू लागली. "मी हितंच होते, दहिवलीत. खोपोलीवरनं निरोप आला, ह्यांना दवाखान्यात ठेवलंय, सिरियस हायेत, लगेच या. मी पेज केली. आजारी माणसाला दुसरं काय द्यायचं? डबा भरला, फडक्यात बांधला. तुझा बाप माझ्याबरोबर आलता. पळसधरी गेलं, केळवली गेलं, प्रत्येक टेसनात मी डबा हातानं चाचपून बघते. विचारते, गरम राहील ना रं भाऊ? हा म्हणतो, राहील. परत विचारते, राहील ना? राहील म्हणतो. घराशी आलो तर माणसं बाहेर उभी, बांबू आणलेले. आन मी तिथं उभी, हातात पेजेचा डबा घेऊन. सगळ्या जगाला म्हायती होतं. गाडीत समोर बसलेल्या बाईला बी ह्यानं खुणेनं सांगितलं असंल. मी एकटीच डबा सांभाळत होते."

आमच्याकडे असंच करतात. तुमच्याकडेही करत असतील. माणूस गेला असं फोनवर, निरोपात, वाटेत कुणी सांगत नाही. सिरियस आहे, निघून या, एवढंच. ऐकणाऱ्याला वाटेत काही होऊ नये म्हणून, मायेपोटी. मीही दोनतीन वेळा मोठ्यांच्या तोंडून 'सिरियस' ऐकलं होतं आणि त्याचा अर्थ काय हे मला ठाऊक होतं. त्या दुपारपर्यंत एवढंच कधी मनात आलं नव्हतं की असा निरोप ऐकून निघालेलं माणूस त्या वाटेत काय करत असेल.

"मला तवा दुसरं काय सुचलं नाय, सुमन," बाबा म्हणाले.

"सुचलं असतं तरी सांगितलं नसतंस. मला म्हायती हाय. राग नाय माझा." मग माझ्याकडे बघून, "पण तू वाचणारी होतीस गं. मला वाचाय येत नाय म्हणून मी तुझ्या तोंडाकडं बघत होते."

मला आयुष्यात बऱ्याच जणांनी बरंच सुनावलं आहे, त्यातलं पुष्कळ मी विसरले. हे वाक्य विसरले नाही. बाबा गिरणीत निघून गेले, रविवार असूनही. मी रडायला लागले तर आत्या म्हणाली, रडू नंतर, आधी ती सीडी कुठं हाय ती आण. मी कोठीत जाऊन पायली उचलली. सीडीवर कोंडा बसला होता, तो फ्रॉकला पुसला. बेबीमावशी शेंगांचं सूप बाजूला ठेवून सरसावून बसली आणि म्हणाली, "लाव गं. नीट वाच आता."

वाचलं. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. 'निखारा'चा हा भाग आजही मी कुणालाही उघडून दाखवायला तयार आहे. त्यात लढाई नाही, पांढऱ्या नाही, पराक्रमाची भाषणं नाहीत. मास्तरांकडे शिकणारी मुलं त्यांचं वाडगं धुतात आणि ते कुठे ठेवायचं यावरून भांडतात. त्यांचं अंथरूण कुणी गुंडाळेना. काडेपेटी कोट पुढ्यात घेऊन, कात्री हातात धरून बसून राहतो आणि त्याच्याने कापवत नाही. शेवटी जिचा भात त्याने पहिल्या दिवसांत चोरला होता ती म्हातारी येते, त्याच्या हातातून कात्री काढून घेते आणि कापते. आत्या डोळ्यांतून पाणी गाळत होती आणि तशातच म्हणाली, "कात्री बरोबर धरलीय बाईनं. चित्र काढणाऱ्याला शिवणं येतं." भाग संपला. तिने तोंड धुतलं, सगळ्यांना चहा टाकला, आणि गिरणीत बाबांना स्वतः नेऊन दिला. बराच वेळ ती परत आली नाही. मी डोकावले नाही.

इथे खरं तर प्रकरण संपायला हवं होतं, पण मालिका लांबवणाऱ्यांना संपणं मान्य नसतं. तीनेक वर्षांनी, मी कॉलेजला होते तेव्हा, मास्तर परत आले. जिवंत. कुठल्यातरी गुहेत, कुठल्यातरी मंत्राने, बर्फात गोठलेलं रक्त वगैरे काहीतरी कारण दिलं होतं. मी उड्या मारल्या. "बघ आत्या! मी म्हटलं होतं ना, जिवंत आहेत म्हणून!"

आत्या थोडा वेळ बघत राहिली. मास्तर हसत होते, जे ते पूर्वी कधी करत नसत. अंगात नवाकोरा निळा कोट.

"मंग त्या म्हातारीनं कापलं ते काय?" ती म्हणाली. "नाय पटलं. तू खोटं बोललीस ती मायेनं. हे खोटं बोलतात दुकान चालू ठेवाय." तिने मशीन फिरवून परत खिडकीकडे तोंड केलं आणि 'निखारा' त्यानंतर कधी पाहिली नाही. मी पाहत राहिले, कामाचा भाग म्हणून आणि सवय म्हणूनही. माझं मत विचाराल तर जगातली कुठलीही लढाई आठ काय अठरा भाग चालवा, मी चालवून घेईन. खलनायकाला शिकवणी घेऊ दे, जत्रा भरवू दे. ती सगळी शेवळाची खाज, काकडं घातली की जाते. पण ज्याचा कोट कापून झाला त्याला परत उभं करू नका. तिथे माझ्याकडे काकडं नाहीत.

बाबांना पनवेलच्या दवाखान्यात ठेवलं त्याला आता काही वर्षं झाली. आम्ही दोघं भावंडं आणि आई तिथे, आत्या दहिवलीत, घर सांभाळायला. दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरांचा राउंड होऊन गेल्यावर, बाबा गेले. आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो. दादाने डोळे पुसले आणि म्हणाला, "आत्याला कळवायला हवं. तू कर फोन. फक्त सिरियस आहेत म्हण, निघून ये म्हण. एकटी आहे घरी, बीपीचा त्रास आहे. वाटेत काही झालं तर?" तो चुकीचं बोलत नव्हता. आईनेही मान डोलावली. मी फोन हातात घेऊन उठले आणि जिन्यापाशी गेले. मला भीती वाटत होती, ती इथे लपवत नाही. तीन रिंग झाल्या.

"बोल गं. कसा हाय भाऊ?"

"आत्या, बेबीमावशी आहे का जवळ?"

"हाय, हितंच हाय. का?"

"आत्या, बाबा गेले. आत्ता, साडेदहाला."

पलीकडे लांबून बेबीमावशीचं "काय झालं गं, काय झालं?" आणि मग आत्याचा आवाज, बारीक पण धड.

"खरं सांगतेस?"

"खरं."

"पेजेचा डबा भरत होते," आत्या म्हणाली. "ठेवते आता खाली." आणि मला ओट्यावर डबा टेकल्याचा आवाज ऐकू आला.

बेबीमावशीच्या जावयाने गाडी काढली, चौक गावावरून दीड तासात त्या दोघी पोचल्या. आत्या गाडीतून उतरली ती हात मोकळे. डोळे सुजलेले, पदर ओला. बाबांपाशी गेली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला, खांद्याशी शर्टाची शिवण उसवली होती ती बोटांनी जुळवली. मी मागे उभी होते. माझ्याकडे न वळताच ती म्हणाली, "वाटभर रडत आले गं. पोरानं दोनदा गाडी थांबवली, पाणी दिलं. रडून घेतलं मी." मग तिने नाक पुसलं, पदर खोचला आणि विचारलं, "तुझी आई कुठं हाय?"

मी बाकड्याकडे बोट दाखवलं, आणि ती आईला धरायला गेली.